लोण्याचे पिंप आणि त्यावरील छाप

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या समारंभात दोन शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हास केली, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. उभी हयात प्राथमिक शाळेतील मुलांकडून उजळणी म्हणवून घेण्यात आणि त्यांचे शुद्धलेखन तपासण्यात गेली. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण आमच्याकडून करणार नाही, अशी खात्री आहे. विषय निवडण्याची मोकळीक मिळाली आणि आम्ही लोण्याच्या भांड्यांचा विषय निवडला. हे ऐकून काही तरुण मंडळींच्या मुखावर स्मित उमटले, ते आम्ही पाहिले. तथापि हा विषय निवडण्यास कारण आहे.

गेल्या सर्वसाधारण सभेत अशी सूचना आली की, आपल्या समाजातील ज्या भगिनी घरी लोणी काढतात व तूप कढवितात, त्यांनी ते बरण्यांत भरून मंडळाच्या नावाने विकावे. नाव मंडळाचे असल्यामुळे गिऱ्हाईक विश्वास ठेवील आणि चार कुटुंबांस आधार होईल. सूचना उत्तम आहे. आज दुपारच्या सभेत तिचा निर्णय व्हावयाचा आहे. परंतु बरणीवर नाव घालणे म्हणजे काय, याचा विचार आधी व्हावा, असे आम्हास वाटते. त्याकरिता आपणास आम्ही प्रथम सातासमुद्रापलीकडे नेणार आहोत आणि मग आमच्या स्वतःच्या उंबरठ्यावर आणणार आहोत.

लोणी हा पदार्थ मोठा नाजूक. त्याचे शत्रू चार : उष्णता, हवा, उजेड आणि अंगातले पाणी. बाजारात मिळणाऱ्या चांगल्या लोण्यातही शंभर भागांत सुमारे सोळा भाग पाणी असते, आणि ताकाचा थोडा अंश त्यात राहतोच. त्यामुळे ते आंबते, खवट होते. शिवाय शेजारी जे असेल त्याचा वास ते ओढून घेते. कांद्याजवळ ठेवलेले लोणी दुसऱ्या दिवशी पोळीवर घालून पाहावे, म्हणजे आमच्या म्हणण्याची प्रचीती येईल. असा पदार्थ साठवावयाचा आणि दूरदेशी पाठवावयाचा, तर भांडे कसे असावे, हा प्रश्न मनुष्यास फार प्राचीन काळापासून पडलेला आहे.

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न निराळ्याच रीतीने सोडविला. आपला देश उष्ण. लोणी टिकविण्याची खटपट करण्याऐवजी त्यांनी ते कढविले, पाणी उडवून लावले, बेरी गाळून काढली आणि तूप केले. मग त्याला मातीचे मडके चालले, चिनी मातीची बरणी चालली, कातड्याचा बुधलाही चालला. बैलांच्या पाठीवर लादलेले तुपाचे बुधले घाट उतरत. पुढे रॉकेलचे चौकोनी पत्र्याचे डबे आले आणि रिकामे झाल्यावर पुष्कळ घरी त्यांतूनच धान्य व तेल-तूप ठेवले जाऊ लागले. लोणी मात्र घरातच राहिले. चिमणीच्या वर, शिंक्यावर, मांजराच्या नजरेआड.

थंड देशांतील लोकांस लोणी लोणी म्हणूनच ठेवता आले. आयर्लंड देशात काळ्या, गार, ओल्या दलदलीची जमीन पुष्कळ आहे. त्या दलदलीत लोणी पुरून ठेवण्याची चाल तेथे होती. इंधनाकरिता ती माती खणताना आजही अधूनमधून लाकडी भांड्यांत भरलेले लोण्याचे गोळे सापडतात. त्यांतील काही साडेतीन हजार वर्षांहून जुने असल्याचे शास्त्रज्ञांनी ठरविले आहे. ज्याने ते पुरले तो गेला, त्याचे कूळ गेले, भाषाही बदलली. भांडे आणि लोणी मागे राहिले.

त्याच आयर्लंडच्या दक्षिणेस कॉर्क नावाचे शहर आहे. आमचा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त तेथे असतो. त्याने त्या शहरातील लोण्याच्या वस्तुसंग्रहालयाची छायाचित्रे आम्हास पाठविली आणि तेव्हापासून या विषयाचे आम्हास वेड लागले. एके काळी कॉर्क येथील लोण्याचा बाजार जगात सर्वांत मोठा गणला जाई. १७६९ साली तेथील व्यापाऱ्यांनी आपली एक समिती स्थापन केली आणि तिच्या देखरेखीखाली पुढे दीडशे वर्षे तो बाजार चालला. आसपासच्या डोंगराळ मुलखातून लहान लहान शेतकरी घोड्यांवर आणि गाड्यांवर लोण्याची पिंपे लादून तेथे येत. ज्या वाटांनी ते येत, त्यांस आजही ‘लोण्याचे रस्ते’ म्हणतात.

हे पिंप कसे होते ते सांगतो. त्याचे नाव ‘फर्किन’. ओकसारख्या कठीण लाकडाच्या बाकदार फळ्या एकमेकींस भिडवून, बाहेरून कड्या ठोकून ते घडवीत. खिळा नाही की सरस नाही. इंग्रजी मापाप्रमाणे एका फर्किनमध्ये ५६ पौंड, म्हणजे सुमारे २५ किलो लोणी मावे. कोऱ्या लाकडाचा कडू वास लोण्यास लागू नये म्हणून पिंप आधी मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवीत. मग खारविलेले लोणी त्यात दाबून दाबून भरीत, कारण मध्ये हवेची पोकळी राहिली की तेथून नासण्यास आरंभ होतो. उष्ण प्रदेशात जावयाचे असेल तर मीठ अधिक आणि पिंपात खारे पाणीही. असे हे लोणी इंग्लंडात जाई, आरमाराच्या गलबतांवर जाई आणि महासागर ओलांडून वेस्ट इंडीज बेटांपर्यंत पोहोचे.

आता खरी अडचण ऐका. लहान शेतकऱ्याच्या घरी दोन-तीन गाई. त्याचे एक पिंप भरण्यास कित्येक आठवडे लागत. आज एक थर, चार दिवसांनी दुसरा थर. वरचा थर ताजा व पिवळाधमक. तळाशी काय आहे ते झाकणाखाली कोणास दिसणार? शिवाय पिंपाच्या लाकडाचे वजन किती आणि लोण्याचे किती, हा दुसरा प्रश्न. आपल्या बाजारात भांड्याचा ‘धडा’ करून मग माल जोखतात, तसा तेथे प्रत्येक पिंपाचा धडा करावा लागे. कारण जड फळ्यांचे पिंप करून लाकूड लोण्याच्या भावाने विकण्याची युक्ती तेथल्याही लोकांस साधली होती. मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच!

यावर कॉर्कच्या व्यापाऱ्यांनी उपाय योजिला. पिंप घडविणाऱ्याने आपली खूण पिंपावर उमटवावयाची. रिकाम्या पिंपाचे वजन त्यावर डागावयाचे. बाजारात आल्यावर परीक्षकाने एक लांब पोकळ सळई थेट तळापर्यंत खुपसावयाची, जशी धान्याच्या पोत्यात खुपसून नमुना काढतात तशी. सळईबरोबर सर्व थरांचे लोणी बाहेर येई. परीक्षक रंग पाही, वास घेई, चव पाही आणि पहिली, दुसरी, तिसरी, चौथी अशी प्रत ठरवून ती पिंपावर कोरी. तो छाप एकदा बसला की दूरच्या बंदरावरचा व्यापारी पिंप न उघडता पैसे मोजी. त्याने ते गाव पाहिलेले नसे, तो शेतकरी पाहिलेला नसे. त्याचा विश्वास छापावर असे. आणि छापाच्या मागे ती तळापर्यंत जाणारी सळई असे. आमच्या मते कॉर्कच्या वैभवाचे सारे रहस्य त्या सळईत होते.

१८५५ साली या पिंपांच्या वजनाकरिता तेथे एक गोल इमारत बांधली गेली. ती आजही उभी आहे. तिच्यात आता नृत्याचे शिक्षण देतात आणि प्रयोग होतात. आमच्या विद्यार्थ्याने तिचेही चित्र पाठविले आहे.

या वैभवाची दुसरी बाजू सांगितली नाही तर आम्ही सत्याशी प्रतारणा केली असे होईल. ज्या घरांत हे लोणी निघे, त्या घरांतील मुलांच्या मुखी ते क्वचितच पडे. लोणी विकून जमीनदाराचा खंड भरावयाचा आणि आपण बटाटे व ताक यांवर दिवस काढावयाचे, अशी तेथील गोरगरिबांची स्थिती होती. १८४५ पासून बटाट्याचे पीक रोगाने गेले आणि भयंकर दुष्काळ पडला. त्या काळातही कॉर्कच्या बंदरातून लोण्याची पिंपे परदेशी जातच होती. पिंपावर प्रत कोरलेली असे. ते भरणाऱ्याच्या घरी चूल पेटली होती की नाही, हे त्यावर कोरण्याची सोय नव्हती. मंडळाच्या नावाने बरणी विकताना ती भरणाऱ्या भगिनीस रास्त मोबदला मिळतो की नाही, याची आठवण म्हणून हे सांगितले.

असा हा जगप्रसिद्ध बाजार १९२४ साली बंद पडला. का पडला? लोणी वाईट झाले म्हणून नव्हे. जग बदलले म्हणून. १८६९ मध्ये फ्रान्समध्ये मार्गारीन निघाले. १८७८ च्या सुमारास स्वीडनच्या गुस्ताफ दे लाव्हाल यांनी दुधापासून साय वेगळी करणारे यंत्र तयार केले. आगबोटी व आगगाड्या वेगाने धावू लागल्या. आता महिनोन्महिने टिकणाऱ्या खारट लोण्याची गरज उरली नव्हती. लंडनच्या गिऱ्हाइकास ताजे, कमी मिठाचे आणि दर आठवड्यास एकाच चवीचे लोणी हवे होते. फर्किनमध्ये अनेक दिवसांचे अनेक थर. त्यास एक चव कोठून येणार? कॉर्कच्या मंडळींनी सुधारणा केल्या नाहीत असे नव्हे; पण त्या उशिरा केल्या. ज्या पिंपाने त्यांस मोठे केले, त्या पिंपाचा मोह त्यांस वेळीच सोडवला नाही.

त्यांची जागा कोणी घेतली? अनेकांनी; परंतु त्यांत डेन्मार्क या चिमुकल्या देशाचे उदाहरण विशेष पाहण्याजोगे आहे. १८८२ साली तेथील येडिंग या खेड्यातील शेतकऱ्यांनी एकत्र येऊन आपली सहकारी डेअरी काढली. गावच्या सर्व गाईंचे दूध एका ठिकाणी, साय एका यंत्रात, लोणी एका दिवसाचे आणि एका चवीचे. पाहता पाहता अशा डेअऱ्या देशभर झाल्या. त्यांचे लोणी बीच लाकडाच्या पिंपांतून इंग्लंडला जाऊ लागले. १९०१ साली त्यांनी एक समाईक छाप नोंदविला. त्यांच्या देशातील ‘लूर’ नावाच्या अतिप्राचीन रणशिंगांचे ते चित्र होते. १९०६ साली कायद्याने तो निर्यातीच्या लोण्यास आवश्यक केला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, पिंपावर देशाचा छाप होताच, परंतु त्याबरोबर ज्या डेअरीचे लोणी तिचा क्रमांकही होता. नाव सर्वांचे आणि जबाबदारी एकाची. दोन्ही एकाच फळीवर.

त्यांची परीक्षेची रीतही मोठी मार्मिक. परीक्षेचा दिवस आधी कळवीत नसत. अचानक तार येई आणि हाताशी असेल ते पिंप तसेच्या तसे पाठवावे लागे. आम्ही चाळीस वर्षांच्या आसपास शाळेत काढली. इन्स्पेक्टर साहेब येणार हे आठ दिवस आधी कळले म्हणजे शाळेच्या भिंती कशा पांढऱ्या होतात आणि हुशार मुले पुढच्या बाकांवर कशी येतात, ते आम्हास ठाऊक आहे. डेन्मार्कच्या लोकांनाही ते ठाऊक असावे.

भांड्याविषयी आणखी एकच गोष्ट सांगून मग आपल्या गावी येतो. न्यूझीलंड देश इंग्लंडपासून अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर. १८८२ साली ‘ड्युनेडिन’ नावाचे जहाज बर्फासारखे गोठविलेले मांस घेऊन तेथून लंडनला सुखरूप पोहोचले. त्यात थोडे लोणीही होते. तेव्हापासून तेथील लोण्यास जगाचा दरवाजा उघडला. तेथे पिंपांऐवजी ५६ पौंडांच्या लाकडी पेट्या आल्या आणि त्या करण्यास ‘काहिकातेआ’ नावाच्या उंच वृक्षाचे लाकूड निवडले गेले. का, तर त्या लाकडाला वास नाही! त्यात ठेवलेल्या लोण्यास लाकडाचा लवलेशही लागत नाही. या पेट्यांपायी आणि गाईंच्या कुरणांपायी ती दलदलीतील अरण्ये जवळजवळ नाहीशी झाली, ही त्यातील खेदाची बाजू. तथापि उत्तम भांडे कोणते, याचे उत्तर त्या लाकडाने दिले. जे आपला वास आतल्या पदार्थास लावीत नाही, ते उत्तम भांडे. मंडळ हेही एक भांडेच आहे. त्यात समाजाचे श्रम साठवावयाचे आहेत. कार्यकर्त्यांच्या आवडीनिवडीचा, भावकीचा, जुन्या रुसव्याफुगव्यांचा वास त्या श्रमांस लागू नये.

आता आमची स्वतःची हकिकत. ही आम्ही आजवर कोणासही सांगितलेली नाही.

सन १९७२. महाराष्ट्रातील त्या भीषण दुष्काळाचे ते वर्ष. आमचे वय बारा. आमच्या आळीत भावकीची चार घरे होती. कोणाच्याच घरी पुरेसे दुभते नव्हते, म्हणून चार घरांचे लोणी एकाच मडक्यात साठवीत आणि आठवड्याच्या बाजारी आमच्या चुलत काकू ते डोक्यावर घेऊन चार मैल चालत तालुक्याच्या गावी जात. तेथला व्यापारी आमच्या आळीचे मडके ओळखी. तो मडक्याचा धडा करी, वजन करी आणि पैसे देई. त्यात बोट घालून कधी पाहत नसे. “या आळीचे लोणी पाहावे लागत नाही,” असे तो चार गिऱ्हाइकांसमक्ष म्हणे आणि ते ऐकून काकूंना वाटणारे समाधान त्यांच्या चालण्यात दिसे.

प्रत्येक घराने आपापले लोणी धुऊन, पिळून, पाणी काढून मडक्यात घालावयाचे आणि किती घातले ते भिंतीवर कोळशाने मांडावयाचे, असा शिरस्ता होता. आमच्या घरचे हे काम त्या वर्षी आमच्याकडे आले, कारण आमच्या मातोश्री खडी फोडण्याच्या दुष्काळी कामावर जात. शाळेत वह्या हव्या होत्या. घरात मागण्याची सोय नव्हती. आम्ही लोणी धुतले, पण पिळले नाही. उलट हाताने फेसून त्यात आणखी पाणी जिरविले. गोळा फुगला. भिंतीवर आम्ही पावशेर वाढवून मांडला आणि गोळा मडक्याच्या तळाशी नीट दाबून बसविला. त्यावर दुसऱ्या घरांचे लोणी पडले. वरून सारे पांढरेशुभ्र.

त्याच आठवड्यात व्यापाऱ्याने पळी तळापर्यंत घातली. दुष्काळात सगळीकडेच भेसळ सुरू झाली होती, म्हणून त्याने सगळ्यांचीच पारख आरंभिली असावी. पळी विस्तवावर धरताच लोणी तडतडू लागले. आम्ही त्या वेळी काकूंबरोबर होतो. तो रागावला नाही. त्याने मडके उचलून काकूंच्या हाती परत दिले आणि एवढेच म्हटले, “बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

काकू काही बोलल्या नाहीत. मडके डोक्यावर घेऊन त्या चार मैल परत आल्या. वाटेत त्यांनी आम्हास पाणी पाजले, आपल्या पदराने आमचे तोंड पुसले. घरी आल्यावर चार घरांत चर्चा झाली. मडके नेणाऱ्या त्या. तेव्हा संशयाचे बोट त्यांच्याकडेच वळले. त्यांनी “मी नाही” म्हटले नाही आणि “कोण” असेही विचारले नाही. आम्ही खांबामागे उभे होतो. तोंडातून शब्द फुटला नाही. त्यानंतर आमच्या आळीचे लोणी त्या बाजारी घेतले गेले, पण दर वेळी पळीत कढवून आणि भाव दोन पैसे कमी लावून. काकू हयात असेतो ते दोन पैसे कधी भरून आले नाहीत. त्यांना खरे ठाऊक होते की नाही, हे आम्हास अखेरपर्यंत कळले नाही. आम्ही विचारले नाही. पुढे शिक्षक झालो, शेकडो मुलांना खरे बोलण्याचे धडे दिले; परंतु व्यापाऱ्याच्या तराजूत झालेला तो धडा आम्ही स्वतः गिरवला नाही. काकूंना जाऊन आता वीस वर्षे लोटली. त्यांची नातवंडे आज या सभेत बसली आहेत. त्यांच्या समक्ष आम्ही सांगतो की, तो गोळा आमचा होता. काकूंचा त्यात काडीचाही दोष नव्हता.

ज्ञातिबांधव हो, एका बारा वर्षांच्या पोराने वह्यांकरिता केलेली ही गोष्ट क्षुल्लक आहे, असे कोणी म्हणेल. पावशेर पाणी ते काय! पण मडके एक होते आणि नाव आळीचे होते. चार घरांनी कित्येक वर्षे पिळून काढलेल्या लोण्याची पत एका गोळ्याने गेली. नाव सर्वांचे आणि जबाबदारी कोणाचीच नाही, अशी ती व्यवस्था होती. म्हणून शिक्षा निरपराध्यास झाली. डेन्मार्कच्या फळीवर जसा डेअरीचा क्रमांक होता, तशी आमच्या मडक्यात प्रत्येक घराची खूण असती, तर काकूंना मान खाली घालावी लागली नसती. आणि दर आठवड्यास घरच्या घरीच कोणी पळी तापवून पाहिली असती, तर कदाचित आमच्याही हातून ते पाप घडले नसते.

यास्तव दुपारच्या सभेपुढे आमच्या नम्र सूचना अशा. पहिली : मंडळाचे नाव बरणीवर घालावे, परंतु त्याखाली ती भरणाऱ्या घराचा क्रमांक व भरल्याची तारीख असावी. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे लागणारी नोंदणी आधी करून घ्यावी. ती टाळण्याची पळवाट कोणी शोधू नये. दुसरी : परीक्षा अचानक व्हावी आणि परीक्षकास बरणी कोणाच्या घरची ते कळू नये. अध्यक्षांच्या घरची बरणीही त्या रांगेत असावी. आपल्या देशात हे नवीन नाही. १९३७ च्या कायद्यानुसार तुपास अ‍ॅगमार्कची प्रतवारी आली, ती याच तत्त्वावर. १९४६ साली खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी आणंद येथे सहकारी संघ काढला. त्याच्या गावोगावच्या केंद्रांवर सर्व जातींचे लोक एका रांगेत उभे राहू लागले आणि प्रत्येकाच्या दुधाचा स्निग्धांश पाहूनच पैसे मिळू लागले. तेथे आडनाव विचारीत नाहीत.

तिसरी : परीक्षेत उतरलेल्या बरणीस पुरा मोबदला त्याच दिवशी मिळावा. उधारीवर प्रामाणिकपणा फार दिवस टिकत नाही, हे आमच्या वह्यांनी आम्हास शिकविले आहे. चौथी : ज्याची बरणी उतरली नाही त्याची सभेत नाचक्की करू नये. एकांतात सांगावे, रीत शिकवावी, पुन्हा संधी द्यावी. त्या दिवशी आम्हास कोणी एकांतात विचारले असते, तर आम्ही खात्रीने खरे सांगितले असते.

आणि पाचवी, तरुणांकरिता. बरणी काचेची असावी की पत्र्याची, लोणी कागदात गुंडाळावे की डबीत भरावे, हे तुम्ही ठरवा. आम्ही वृद्ध मंडळी “आमच्या वेळी मडके होते” असे म्हणू. तिकडे लक्ष देऊ नका. कॉर्कचे व्यापारी पिंपास धरून बसले आणि बाजार गमावून बसले. भांडे बदलावे. लोण्यास प्रसंगी निराळे मीठ घालावे. बदलू नये ती फक्त सळई. जी तळापर्यंत जाते ती.

समाजाचे नाव हे फार जुने भांडे आहे. ते आपण घडविलेले नाही. आपणास ते भरलेले मिळाले आणि भरलेलेच पुढच्यांच्या हाती द्यावयाचे आहे. त्यात आपला थर कसा पडला, हे वरून कोणास दिसत नाही. पण कोठेतरी, केव्हातरी, कोणीतरी पळी तळापर्यंत घालतोच.

आमच्या कैलासवासी काकूंच्या स्मृतीस वंदन करून आम्ही आपली रजा घेतो.